स्वस्तपणा कुठे ठेवलाय

सस्काटूनमध्ये ज्यांच्या बेसमेंटमध्ये मी सहा वर्षं भाड्याने राहिले, ते काका मार्चमध्ये गेले. काकूंचा फोन आला तेव्हा आम्ही दोघी बराच वेळ बर्फाविषयीच बोलत राहिलो. तेराव्याला इथली मराठी मंडळी जमली होती. जेवताना काकांचे किस्से निघाले, आणि प्रत्येक किश्शात काका एका डॉलरसाठी दुकानदाराचा जीव घेणारे म्हातारे झाले होते. सगळे हसले, मीही हसले. घरी आल्यावर मात्र ते हसणं मला बोचत राहिलं. काका संशयी होते हे खरं आहे. चिक्कू होते हे खोटं. ह्या दोहोंतला फरक मला एका घडी होणाऱ्या बंदुकीमुळे कळला, म्हणून लिहायला बसले आहे. मला लिहायला वेळ लागतो. आता जून संपत आला.

मी नागपूरची. दोन हजार चार-पाचच्या सुमारास विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी लागली आणि मी खोली शोधत होते. ऑक्टोबरातली दुपार होती. काकांनी दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे न बघता आधी बुटांकडे बघितलं.

"विंटरसाठी घेतलेस?"

"हो. सेलमध्ये होते."

"काढ एक."

मी दारातच एक बूट काढून दिला. काकांनी डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख बुटाच्या तळाच्या कडेकडेने फिरवलं, अगदी सावकाश. एका जागी थांबले. मग माझा अंगठा धरून त्या जागी ठेवला. "लागतं काही?" मला काहीच लागलं नाही. "परत फिरव. घाई नको." तिसऱ्या वेळेला लागलं. केसाएवढी फट होती.

"जानेवारीत इथून पाणी आत येईल," ते म्हणाले. "खोली खाली आहे. जिना जपून उतर."

जानेवारीत पाणी तिथूनच आत आलं.

काका मूळचे चिंचवडचे. तिथल्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते, आणि इकडे आल्यावर पोटॅशच्या खाणींसाठी यंत्रांचे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपमध्येही तेच काम केलं. भाग बनवणारे वेगळे. बनलेला भाग काकांच्या टेबलावर यायचा, काका तो तपासायचे आणि सही करायचे, किंवा करायचे नाहीत. सही केलेल्या वस्तूची रात्री शंका येतेच, इकडे आल्यापासून मला धड झोप नाही, असं ते सांगत. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण टेबल सुटलं नाही. जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्यापुढे सहीसाठी आल्यासारखी यायची.

त्यांचा सिद्धांत साधा होता आणि तो ते कुणालाही, कुठेही सांगत. मला पहिल्यांदा सांगितला तो ग्रोसरीच्या दुकानात, कढईसमोर उभं राहून. "हे बघ. वस्तू स्वस्त झाली म्हणजे कुणीतरी कुठेतरी काहीतरी वाचवलंय. स्वस्तपणा कुठे ठेवलाय, ते शोधायचं. रंगात ठेवला असेल तर खुशाल घे. सांध्यात ठेवला असेल तर फुकट दिली तरी घेऊ नको."

"आणि महाग असेल तर?"

"तर पैसा कुठे घातलाय ते शोधायचं. बहुतेक वेळा खोक्यात घातलेला असतो."

शोधण्याच्या त्यांच्या तीन रीती होत्या. एक नख. दुसरी कान: वस्तूवर टिचकी मारायची आणि आवाज संपेपर्यंत ऐकायचं. तिसरी कागदाची पट्टी. शर्टाच्या खिशात बस बदलताना मिळणाऱ्या जुन्या ट्रान्सफर तिकिटांच्या पातळ पट्ट्या असत. दोन भाग जिथे मिटतात तिथे पट्टी धरायची, मिटायचं आणि ओढायची. पट्टी अडली तर सांधा घट्ट, सुटली तर फट. नवा फ्रीज आणायला गेले तेव्हा त्यांनी दुकानातल्या एकूणएक फ्रीजच्या दारांत पट्ट्या घातल्या होत्या. विक्रेत्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "इज ही ओके?" मी म्हटलं, हो, फ्रीज ओके नाहीत.

काकू ह्या सगळ्याला सरावलेल्या होत्या. "मला बघायला आले ना," त्या सांगायच्या, "तर ह्यांनी आधी आमच्या घरचं दार तीनदा उघडबंद केलं. मग चहा घेतला. माझ्याकडे बघितलं ते निघताना."

"दाराच्या बिजागऱ्या कुरकुरत नव्हत्या," काका पेपरातून मान वर न काढता म्हणायचे. "म्हटलं, ह्या घरात वेळच्या वेळी तेल घालतात. मुलगी बघायची गरज काय?"

माणसांच्या बाबतीत मात्र त्यांना नख फिरवता येत नसे, म्हणून माणसांचा संशय जास्त. शेजारच्या गोऱ्या गृहस्थांनी एकदा बेरीचा 'पाय', गोड सारण भरून भाजलेला पदार्थ, आणून दिला. काकांनी तो खाल्ला, पण आठवडाभर खिडकीतून त्यांच्या घरावर नजर ठेवली. "ह्याला काय हवंय?" थंडीत त्याच गृहस्थांनी आमच्याही ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने काढून टाकला, तेव्हा काका खरोखर घाबरले. "आता काहीतरी मोठं मागणार." त्या माणसाने कधीच काही मागितलं नाही. पाच वर्षांनंतरही काका म्हणायचे, "अजून नाही मागितलं. थांब तू."

डॉक्टरवर विश्वास नव्हता. काकांना मधुमेह होता. साखर मोजायच्या मशीनवर तर त्याहून कमी विश्वास, म्हणून दुसरं मशीन आणलं, आणि दोन्ही वेगवेगळे आकडे दाखवायला लागली तेव्हा त्यांना समाधान वाटलं. "बघितलंस? खोटं बोलतात."

माझ्यावर विश्वास होता का, हे मला कधी नीट कळलं नाही. मला ते "लायब्ररीबाई" म्हणायचे. कुठे खरेदीला निघाले की जिन्यातून हाक यायची, "ए लायब्ररीबाई, गाडीत बस." मग दुकानात वस्तू माझ्या हातात द्यायची आणि विचारायचं, "तुला काय वाटतं?" मी डोळे मिटून नख फिरवायची. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. कारखान्यात नव्या पोरांना ते मुद्दाम खराब तुकडा देऊन बघत, हे त्यांनीच सांगितलं होतं, त्यामुळे प्रत्येक वेळी मला परीक्षेला बसल्यासारखं वाटे. शेवटच्या दोन वर्षांत हे विचारणं फार वाढलं. टायर, नळ, कुकरची रिंग, काहीही. मला वाटलं, मी तयार होत चालले आहे म्हणून विचारतात.

काका दर सप्टेंबरात दहा दिवस उत्तरेला जात. त्यांच्या वर्कशॉपमधल्या एका युक्रेनियन मित्राची तिकडे तळ्याकाठी लाकडी खोली होती. गाडी जिथे संपते तिथून पुढे मोटारबोटीने जायचं. फोन नाही, शेजार नाही. दोघं म्हातारे तिथे काय करत हे कुणालाच माहीत नव्हतं. मित्र मासे पकडायचा. काका शुद्ध शाकाहारी, ते वरणभात करायचे. मित्र वारला, तरी त्याच्या बायकोने किल्ली काकांकडेच राहू दिली आणि काका एकटे जाऊ लागले. पण मित्राबरोबर त्याची बंदूकही गेली होती. "रानात बंदुकीशिवाय राहायचं नाही," एवढंच त्याने काकांना तीस वर्षांत शिकवलं होतं, आणि काकांनी ते विनातपासणी मान्य केलं होतं.

तेव्हा काकांनी ठरवलं, बंदूक घ्यायची. घडी होणारी, एकनळी, बोटीच्या पिशवीत मावेल अशी. अशा बंदुका खास अडचणीच्या वेळेसाठी असतात. बोट बिघडली, दहाचे वीस दिवस झाले, तर ससा किंवा रानकोंबडी मारून पोट भरायचं.

"केकमध्ये अंडं नाही ना, ते दोनदा विचारता," काकू म्हणाल्या. "ससा मारणार कोण?"

"मारायला नको आहे गं. असायला हवी आहे."

"आणि अस्वल आलं तर?"

"अस्वलाला असल्या बंदुकीने नुसता राग येतो. दुकानवाल्यानेच सांगितलं."

एडमंटनला राहणारा त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला, "डॅड, आर यू सीरियस?" काकांनी फोन काकूंना दिला.

ह्या देशात बंदुकीला परवाना लागतो आणि त्याआधी कोर्स करावा लागतो. काकांनी तो इतक्या निष्ठेने केला की शिकवणाऱ्याच्या दोन चुका काढल्या. मग फॉर्म. त्यावर बायकोच्या सहीला जागा होती. काकू चष्मा लावून म्हणाल्या, "हा माणूस धोक्याचा नाही, असं मी लिहून द्यायचं? संध्याकाळपर्यंत विचार करू द्या." दोन ओळखीच्या माणसांच्या सह्याही हव्या होत्या. एक त्यांच्या जुन्या सुपरवायझरने केली. दुसरी मी. फॉर्मवर लिहिलं होतं, ह्या व्यक्तीला बंदूक देणं सुरक्षित नाही असं वाटायला माझ्या माहितीत काही कारण नाही. मी ते तीनदा वाचलं आणि सही केली. तेव्हा ते पूर्णपणे खरं होतं.

मग दुकान. त्या उन्हाळ्यात आम्ही तिथे सात वेळा तरी गेलो असू. दुकानदार आडवा, दाढीवाला, गॅलिस लावणारा माणूस. काकांना तो "प्रोफेसर" म्हणायचा आणि आम्ही आत शिरलो की न विचारता दोन बंदुका काउंटरवर ठेवायचा. एक स्वस्त, एक तिच्या जवळजवळ तिप्पट किमतीची. दोन्ही मधोमध दुमडायच्या, नळी खाली वळून दस्त्याला टेकायची. कुठल्या बनावटीच्या ते लिहीत नाही, कारण दोष बनावटीचा नव्हता असं मला अजूनही वाटतं.

महागडी काकांनी दोन भेटींत उलगडली. "पैसा अक्रोडाच्या लाकडात घातलाय. आणि ह्या नक्षीत. हा उडता पक्षी कोरायला माणूस बसवला असेल. मला पक्ष्याचं काय करायचंय?" स्वस्त बंदुकीचा दस्ता प्लॅस्टिकचा, रंग असा की नखाने निघेल, नेम धरायची टोकं नुसती ठोकून बसवलेली. "हे सगळं चालेल. मला बक्षीस जिंकायचं नाही. पण एवढ्याने इतकी स्वस्त होणार नाही. अजून कुठेतरी वाचवलंय." बिजागरी आणि मिटलेली नळी अडकवून धरणारा खटका, ह्या दोन जागांवर त्यांचा संशय होता. अशा बंदुकीत सगळं तिथेच असतं. नळी मागच्या भागाला घट्ट मिटली नाही, तर काडतूस उडताना जाळ पुढे जाण्याऐवजी मागे येतो, म्हणजे डोळ्यांकडे. त्यांनी शोकेसमधल्या बंदुकीत पट्टी घातली, माझ्याकडून ओढवली. "तुला काय वाटतं?" पट्टी अडली, फाटली. सात भेटी, सात पट्ट्या. तरी काका म्हणायचे, "मग स्वस्तपणा ठेवलाय कुठे?"

दुकानदार एकदा मला म्हणाला, "हा माणूस बंदूक घ्यायच्या आत हंटिंगचा सीझन संपेल." मी म्हटलं, ते शिकार करत नाहीत. त्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी काका एकटेच गेले आणि स्वस्त बंदूक घेऊन आले. मला हाक आली. वर गेले तर टेबलावर जुनं चादरीचं फडकं, त्यावर बंदूक, आणि काका मुलगी दाखवायला बसवल्यासारखे खूश. "घेतली. खोक्यातली, नवी कोरी. शोकेसमधली शंभर लोकांनी हाताळलेली. ही मी स्वतः पूर्ण बघितली, बिजागरी, खटका, सगळं. ठणठणीत आहे. स्वस्तपणा फक्त दस्त्यात ठेवलाय."

त्या दिवशी त्यांनी "तुला काय वाटतं?" विचारलं नाही. पण सहा वर्षांची सवय. बंदूक रिकामी आहे हे बघून मी ती हातात घेतली, डोळे मिटले आणि नख फिरवलं.

नळी जिथे मागच्या भागाला मिटते तिथे नख अडेल एवढी पायरी होती. बुटातली फट शोधायला तीन फेऱ्या लागल्या होत्या, इथे पहिल्याच फेरीत लागली. नळी धरून हलवली तर बिजागरीत ती किंचित हलली. मी डोळे उघडले. काका माझ्याकडे बघत नव्हते. ते खिडकीतून बाहेर बघत गुणगुणत होते.

मी म्हटलं, "छान आहे."

खाली आले आणि संशय घ्यायला बसले, दुसरा शब्द नाही. पहिला संशय काकांवर, की ही परीक्षा आहे, मुद्दाम खराब तुकडा आणलाय, सोमवारी हसतील. सोमवारी ते हसले नाहीत. दुसरा दुकानदारावर, की म्हाताऱ्याला शोकेसमध्ये चांगला माल दाखवला आणि खोक्यातून भलता दिला. पण खोक्यातली काकांनी स्वतः बघितली होती. मग त्यांना हे लागलं कसं नाही? ज्या माणसाला माझ्या बुटाची केसाएवढी फट दारात उभ्या उभ्या लागली, त्याला ही पायरी लागली नाही?

मंगळवारी काकूंना पोळ्या लाटायला मदत करत होते. काकांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना बँडेजची पट्टी होती.

"काकू, काकांच्या बोटांना काय झालं?"

"तवा लागला."

"केव्हा?"

काकूंनी पोळी उलटली. "शनिवारी. फोनवर बोलत उभे होते, हात तव्याच्या कडेवर. मला वास आला म्हणून कळलं."

मी कणकेचा पुढचा गोळा केला. त्याच बोलल्या. "पायाचं डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं. साखरेने बधिर होतात. म्हणाले, हातांपर्यंत येऊ शकतं. रोज सकाळी मला म्हणतात, बटणं तू लाव, माझी नखं वाढलीत. रोज कुणाची नखं वाढलेली असतात का गं?"

म्हणजे दोन वर्षं दुकानांतून जे "तुला काय वाटतं" चाललं होतं, ती माझी परीक्षा नव्हती. ते माझी बोटं वापरत होते.

"काकू, बंदुकीची बिजागरी खराब आहे. उडवली तर तोंडावर उलटू शकते."

लाटणं थांबलं. "ते उडवणारच नाहीत. डास बसला तर फुंकर मारतात."

"आणि उडवायची वेळ आली तर?"

"तर..." काकू खाली बसल्या. "मी जाऊच देत नाही त्यांना. दुखण्याचं सोंग करते. पण तू सांगू नकोस. आयुष्यभर त्या हातांवर घर चाललं. ते हात गेले असं त्यांना कोण सांगणार? तू?"

बुधवारभर मी ग्रंथालयात पुस्तकं लावत होते आणि मला फॉर्मवरची ती ओळ दिसत होती. सुरक्षित नाही असं वाटायला माझ्या माहितीत काही कारण नाही. खाली माझी सही. आता माझ्या माहितीत कारण होतं. शनिवारी ते निघणार होते, आणि काकूंच्या सोंगाला ते फसणार नाहीत हे आम्हा दोघींनाही कळत होतं. त्यांनी काकूंच्या तापाला दोन थर्मामीटर लावले असते.

गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातून आले ती थेट वर गेले. काका पिशवी भरत होते. तांदूळ, डाळ, मेतकुटाचा डबा, आणि शेजारी कुलूप लावलेल्या पेटीत बंदूक. काकू स्वयंपाकघरात होत्या.

"काका, पेटी उघडा."

"का?"

"उघडा ना."

त्यांनी उघडली. बंदूक रिकामी आहे हे आधी त्यांनी बघितलं, मग मला दाखवलं. मी माझ्याकडची ट्रान्सफरची पट्टी नळीच्या मागच्या टोकाशी धरली, बंदूक मिटली आणि पट्टी ओढली. ती अलगद बाहेर आली.

"परत कर."

परत केलं. परत तसंच.

"मला दे." त्यांनी पट्टी घातली, बंदूक मिटली, नेहमीसारखे डोळे मिटले आणि ओढू लागले. फार हळू, फार लक्ष देऊन. पट्टी पहिल्याच ओढीला बाहेर आली होती, त्यांच्या चिमटीतून सुटून फडक्यावर पडली होती. काका अजून ओढत होते.

त्यांनी डोळे उघडले, रिकाम्या चिमटीकडे बघितलं, मग फडक्यावरच्या पट्टीकडे.

"तुला कधी कळलं?"

"रविवारी."

"आज काय वार आहे?"

"गुरुवार."

"चार दिवस!" त्यांचा आवाज इतका चढला की काकू दारात आल्या. "खराब माल हातात आला आणि तू चार दिवस गप्प? छान आहे म्हणालीस मला!"

"काका, मला वाटलं की तुम्हाला..."

"मला काय वाटेल ते बिजागरीला विचारलंस? मला वाईट वाटेल म्हणून ती घट्ट होणार आहे?"

"तिला ओरडू नका," काकू म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं गप्प राहायला."

"तू बायको आहेस, तू लपवणारच. ही तपासणारी आहे." ते खुर्चीवर बसले. पट्टी बांधलेली बोटं त्यांनी दुसऱ्या हाताने धरली होती. मग म्हणाले, "उद्या सुट्टी काढ."

शुक्रवारी आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने बंदूक घेतली, बिजागरीपाशी डोळा लावला, आणि त्याचा चेहरा पडला. "ही फॅक्टरीतून बाहेरच पडायला नको होती. सॉरी, प्रोफेसर." त्याच्याबद्दल माझा संशय तिथेच विरला. "माझं ऐका, ती महागडी घ्या. तिच्यात ही कटकट नाही."

काका माझ्याबरोबर काउंटरपर्यंत आले नव्हते. ते मागे, मासे पकडायच्या काठ्यांपाशी, जॅकेटच्या खिशांत हात घालून उभे होते. तिथूनच ते म्हणाले, इंग्रजीत, "आता कळलं मला काय वाचवलंय ते. लोखंडात नाही वाचवलं. तपासणाऱ्याच्या पगारात वाचवलंय. महागडीत प्रत्येक नग कुणीतरी बघितलेला असतो. ह्यात कुणी बघत नाही. चांगली निघाली तर चांगली." मग मानेने माझ्याकडे खूण करून त्याला, "आमची तपासणारी आम्ही घेऊन आलोय. आतून अजून काढ."

दुकानदाराने आतून दोन खोकी आणली. पहिली बंदूक मी मिटली, नख फिरवलं, पट्टी ओढली. नुसती शंका आली, पण शंका आली. बाजूला ठेवली. दुसरीवर मी किती वेळ घेतला ते आठवत नाही. माझ्यामागे गिऱ्हाईक येऊन थांबलं आणि कंटाळून गेलं. नख कुठेही अडलं नाही. पट्टी तीनदा घातली, तिन्ही वेळा फाटली. टिचकी मारली आणि आवाज संपेपर्यंत ऐकलं.

"ही," मी म्हटलं.

दुकानदाराने ती काकांकडे धरली. "एकदा बघून घ्या, प्रोफेसर."

"नको," काका म्हणाले. "तिने बघितलीय." आणि खिशातून हात काढला तो फक्त परवाना आणि कार्ड द्यायला.

शनिवारी सकाळी ते गेले. जाताना काकूंना म्हणाले, "एकविसाव्या दिवसापर्यंत रडायचं नाही."

ते दहा दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही. पहिल्या रात्रीपासून मला माझ्या अंगठ्याचा संशय येऊ लागला. तो दुसऱ्या बंदुकीवर थकला नव्हता ना? तिसरी पट्टी फाटली ती सांध्यामुळे, की मी जोरात ओढली म्हणून? मी कपाटांची दारं, पुस्तकांचे पुठ्ठे, खिडकीच्या चौकटी तपासत सुटले, नुसतं हे बघायला की मला अजून कळतं का. वर फोन वाजला की हातातलं तसंच ठेवून जिन्यात जाऊन उभी राहायची. काकू वरून सांगायच्या, "नाही गं, मुलाचा आहे." मग दोघी आपापल्या जागी परत.

अकराव्या दिवशी दुपारी गाडी लागल्याचा आवाज आला. काकूंशी बोलण्याआधी ते खाली आले, दाढी वाढलेली, धुराचा वास. बेसमेंटच्या दारात उभे राहिले.

"उडवली का?" मी विचारलं.

"एकदा. मेतकुटाच्या रिकाम्या डब्यावर."

"बरोबर उडाली?"

"बंदूक बरोबर आहे. डबा अजून तिथेच आहे."

मी हसले असते, पण मला रडू येत होतं. काका माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघत होते.

"दहा दिवस झोपली नाहीस."

"नाही."

"शंका येत होती."

"हो."

त्यांनी मान हलवली. जिन्याच्या कठड्याला धरून ते वळले, दोन पायऱ्या चढले आणि थांबले.

"मला तिथे छान झोप लागली," ते म्हणाले. "एकतीस वर्षांनी."